दिवे मालवून खेळायचा गोल्फ

मे महिन्यात बालाघाटला दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायचं नसतं. इथे वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पाहुण्यांना मात्र दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे लग्न होतं, त्यामुळे पाहुणेही जास्त होते. पुण्याहून ताईची दोन मुलं आली, भाची अकरा वर्षांची आणि भाचा आठ. टोरांटोहून दादा आला. त्याची चौदा वर्षांची मुलगी शाळेतून तीन आठवड्यांची रजा काढून आली, आणि तीसुद्धा चार वर्षांनी.

लग्न चार दिवसांत आटोपलं. मग एक पहाट कान्ह्याच्या मुक्की गेटवर गेली. एक संध्याकाळ गांगुलपाऱ्याला, एक लांजीच्या किल्ल्यावर. त्यानंतर उरल्या त्या दुपारी. खिडक्यांना खसाच्या ताट्या, कूलरची घरघर, आणि तीन मुलं तीन कोपऱ्यांत तीन मोबाईल घेऊन. आमचे बाबा भरवेलीच्या मँगनीजच्या खदानीतून निवृत्त झालेले, वय बहात्तर. ते आपल्या खुर्चीत बसून मुलांकडे बघत असत. मुलांनी वर पाहिलं की विचारायचे, "पाणी पाहिजे का रे?" मुलं म्हणायची, "नको आजोबा." संवाद तिथे संपायचा. पुतणीला मराठी सगळं समजतं, पण बोलायला लाजते. बाबांच्या मराठीत अर्धी हिंदी. तिला ते कळतील की नाही या शंकेने ते आणखीच कमी बोलायचे.

ही गोष्ट सुरू झाली माझ्या दुकानात. माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि गल्ल्याजवळ नोटा तपासायचा छोटा यूव्ही दिवा असतो. भाचा माझ्याबरोबर दुकानात आला होता. त्याने तो दिवा उचलून आधी पाचशेच्या नोटेवर धरला. नोटेचा क्रमांक उजळला, कागदात विखुरलेले बारीक धागे चमकायला लागले. मग त्याने तो स्वतःच्या नव्या पांढऱ्या बनियनवर धरला आणि किंचाळलाच. बनियन निळसर पांढरं पेटलं होतं. घरी येऊन त्याने हा प्रयोग सगळ्यांना दाखवला. पुतणीने पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला आणि म्हणाली, "हे ग्लो गोल्फसारखं आहे, काका. आमच्याकडे असतं."

मंडळी, ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिनीगोल्फ म्हणजे गोल्फचा शेवटचा, सगळ्यात लहान तुकडा. लांब फटका मारायचाच नाही. चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलत, अडथळे चुकवत, भोकात घालायचा. त्यासाठी पटर नावाची चपट्या तोंडाची काठी असते. अशी अठरा भोकं एकामागून एक खेळायची आणि ज्याचे एकूण फटके कमी तो जिंकला. ग्लो गोल्फ म्हणजे हाच खेळ बंद हॉलमध्ये, दिवे मालवून. छताला अतिनील किरणांचे दिवे, ज्यांना ब्लॅक लाइट म्हणतात. भिंतींवर, चेंडूवर, मार्गाच्या कडांवर अशा दिव्यात उजळणारे रंग. माणसं दिसत नाहीत, त्यांचे दात आणि पांढरे मोजे दिसतात. टोरांटोच्या आसपास पुटिंग एज नावाची अशी केंद्रं आहेत. नेदरलँड्समध्ये ग्लोगोल्फ नावाची साखळीच आहे. बर्लिनला गोर्लित्सर पार्कात एका तळघरात शाळकरी मुलांपासून आजीआजोबांपर्यंत सगळे रांग लावतात. अमेरिकेत कनेटिकटमधल्या डॅनियलसन या लहानशा गावी 2004 मध्ये मॉन्स्टर मिनी गोल्फ सुरू झालं आणि तिथून देशभर पसरलं. थंड मुलखांत सहा महिने बाहेर खेळता येत नाही, तिथे हा खेळ रुजला यात नवल नाही. मला मात्र त्या दुपारी वाटलं की आपली गत वेगळी कुठे आहे? त्यांना बर्फ घरात कोंडतो, आपल्याला ऊन.

बालाघाटात असा हॉल कुठून आणणार? भाचीने विचारलं, "मामा, घरी नाही का करता येणार?" मी "बघू" म्हणालो. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाही. पण नशिबाने लग्नाचा डेकोरेशनवाला त्याच संध्याकाळी उरलेलं सामान न्यायला आला आणि त्याच्या टेंपोत ऑर्केस्ट्राच्या मंचावर लावतात ते ब्लॅक लाइटचे दोन एलईडी बार पडलेले होते. आठ दिवसांसाठी पाचशे रुपये भाडं ठरलं.

आता थोडं विज्ञान. मुलांनी इतके प्रश्न विचारले की मलाच शोधाशोध करावी लागली. अतिनील प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसत नाही. काही पदार्थ तो शोषून घेतात आणि त्यातली थोडी ऊर्जा स्वतःजवळ ठेवून उरलेली दिसणाऱ्या रंगात परत टाकतात. याला इंग्रजीत फ्लुरोसन्स म्हणतात, मराठीत प्रतिदीप्ती. हे नाव जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1852 मध्ये दिलं, फ्लोरस्पार नावाच्या खनिजावरून. आणि या फ्लोरस्पारची खाण आपल्या शेजारी, छत्तीसगडमध्ये पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातल्या चांदीडोंगरीला आहे. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा बाबांनी घास थांबवला. "चांदीडोंगरी? तिथला दगड मी पाहिला आहे. हिरवा, जांभळा असतो. काचेसारखा." मुलांनी त्यांच्याकडे पाहिलं. बाबांनी पुन्हा जेवायला सुरुवात केली.

ब्लॅक लाइटची गोष्ट पुढची. रॉबर्ट वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1903 मध्ये अशी काच तयार केली की दिसणारा प्रकाश अडतो आणि अतिनील तेवढा पार होतो. रंगांची गोष्ट मात्र मला सगळ्यात आवडली. कॅलिफोर्नियातला बॉब स्वित्झर हा तरुण 1933 मध्ये कामावर पडला, डोक्याला जबर मार लागला आणि दृष्टीवर परिणाम झाला. डॉक्टरांनी त्याला अंधाऱ्या खोलीत राहायला सांगितलं. त्याचा भाऊ ज्यो हा हौशी जादूगार. वडिलांचं औषधांचं दुकान होतं. दोघा भावांनी एक अतिनील दिवा जुळवला आणि रात्री दुकानातल्या बाटल्यांवर धरून कोणती बाटली चमकते ते पाहत बसले. त्यातून पुढे डे-ग्लो हे रंग जन्मले. आज रस्त्यावरच्या कामगारांच्या नारिंगी जाकिटापासून माझ्या दुकानातल्या हायलायटरपर्यंत जे भडक रंग दिसतात, त्या घराण्याची सुरुवात त्या दुकानात आहे. अंधारात बसायला लागलेल्या एका मुलाने वेळ घालवायला केलेला उद्योग.

मिनीगोल्फचा इतिहासही काही कमी मजेदार नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला 1867 मध्ये बायकांचा पुटिंग क्लब निघाला. कारण बायकांनी खांद्यावर काठी नेऊन लांब फटका मारणं तेव्हा शोभत नसे म्हणे. त्यांनी मग उंचसखल हिरवळीवर नुसता पटर चालवला आणि तो क्लब आजही आहे. पुढे गवताचा खर्च कोण करणार हा प्रश्न आला. थॉमस फेअरबर्न नावाच्या इंग्रजाने 1922 च्या सुमाराला त्यावर तोडगा काढला तो सरकीच्या टरफलांचा. टरफलं दळून त्यात वाळू, तेल आणि रंग मिसळला आणि त्याची पक्की जमीन केली. विदर्भाशी नातं असलेल्या आपल्या वाचकांना सरकी म्हटल्यावर ढेप आठवेल, गोल्फ आठवणार नाही! मग महामंदी आली. 1930 साली अमेरिकेत या खेळाचं वेडच पसरलं, कारण खिशात पैसे नव्हते आणि हा खेळ स्वस्त होता. न्यूयॉर्कमध्ये तर इमारतींच्या गच्च्यांवर दीडशेच्या वर मैदानं झाली. ठरावीक मापाची मैदानं आली 1954 मध्ये, स्वित्झर्लंडच्या अस्कोनाला, पॉल बोंग्नी यांच्या आराखड्यावर. म्हणजे हा खेळ पहिल्यापासूनच ज्यांच्याकडे मोठं मैदान नाही त्यांचा आहे. आमचा वरच्या मजल्यावरचा बारा बाय वीसचा हॉल त्यात बसत होता.

सामान जमवायला दोन दिवस लागले आणि खरं सांगायचं तर खेळापेक्षा त्यातच मजा जास्त आली. मुलं दिवा घेऊन घरभर हिंडत होती आणि काय चमकतं याची यादी करत होती. दुकानातले निऑन टेप आणि फ्लोरोसेंट पोस्टर कलर चमकणार हे माहीत होतं. कागदी पांढऱ्या प्लेटा झकास चमकल्या. कपडे धुण्याच्या पावडरीत उजाळी आणणारं द्रव्य असतं, जुन्या पिढीला टिनोपाल आठवत असेल, त्यामुळे धुतलेले पांढरे कपडे चमकतात. आईचं रेशमी लुगडं अगदी मख्ख राहिलं. हळद तेलात कालवली की पिवळी हिरवी उजळते. बी कॉम्प्लेक्सची गोळी पाण्यात विरघळवली तर पाणी पिवळं पेटतं, ते त्यातल्या बी-2 जीवनसत्त्वामुळे. पालक स्पिरिटमध्ये चुरून गाळला तर हिरवा रस या दिव्यात लाल दिसतो, हे पाहून भाची दहा मिनिटं गप्प होती. पिकलेल्या केळ्याची साल फिकट निळी दिसते. दात चमकतात. बाबांची कवळी मात्र चमकेना, हसले की तोंडात काळोख! भाचा पोट धरून हसला आणि बाबाही हसले, म्हणजे पुन्हा काळोख.

विंचूसुद्धा या दिव्यात हिरवानिळा चमकतो. रात्री शेताच्या बांधावर अभ्यासक असे दिवे घेऊनच विंचू शोधतात. हे सांगितल्यावर मुलांना लगेच वाडीत जायचं होतं. आईने स्पष्ट नकार दिला आणि तो प्रयोग राहिला.

भोकं नऊच केली. अठरांना जागा नव्हती. सतरंजी फुगे धरते म्हणून लग्नातली हिरवी मॅट अंथरली. कडांना लाकडी पट्ट्या आणि वहीचे जुने गठ्ठे. भोकाऐवजी स्टीलची वाटी आडवी ठेवली आणि तिच्या कडेला निऑन टेप लावला. पटर दोन खेळण्यातले मागवले, तिसरा बाबांनी जुन्या छत्रीच्या दांड्याला लाकडाचा ठोकळा ठोकून केला आणि तो सगळ्यात चांगला निघाला. चेंडू हलके प्लास्टिकचे. खरा गोल्फचा चेंडू घरात आणू नका, टीव्हीची काच आणि नडगी दोन्ही धोक्यात येतात. माझ्या दुकानातला माल सोडला तर सगळा खर्च अठराशे रुपयांच्या आत बसला.

प्रत्येक भोक बालाघाटाचं काहीतरी असावं ही पुतणीची कल्पना. ती म्हणाली, तिच्याकडे चाचे आणि डायनोसॉर असतात, ते इथे कशाला? मग पहिलं भोक झालं छोटी लाईन. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करत जबलपूरला जाणारी नॅरोगेजची गाडी आम्ही लहानपणी तिला छोटी लाईनच म्हणायचो. आता तिथे मोठी लाईन आहे. पुठ्ठ्याचा बोगदा केला, त्यातून चेंडू जायला हवा. दुसरं वैनगंगेचा पूल, दोन पाट आणि खाली निळ्या रंगाने रंगवलेली प्लेट. चेंडू पडला की एक फटका दंड. तिसऱ्याला हट्ट्याची बावडी, पायऱ्या पायऱ्यांची. चौथ्याला चिन्नोर तांदळाचं अर्धं पोतं आडवं टाकलं आणि चेंडू त्याला वळसा घालून न्यायचा. या तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे मी सांगितलं, तेव्हा कोणीही ऐकत नव्हतं. पाचवं कान्ह्याचा बारासिंगा. वाळलेल्या फांद्यांची शिंगं, नारिंगी रंग. मध्य भारतातला हा बारासिंगा 1970 मध्ये कान्ह्यात फक्त 66 उरला होता, तिथून तो वाढवला गेला. म्हणून नियम केला की शिंगाला चेंडू लागला तर तो फटका मोजायचा नाही, बारासिंगा माफ करतो. लांजीच्या किल्ल्याचं दार सहावं. सातवं आणि आठवं जमलं तसं केलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आठव्याचा उतार तर मॅटच्या सुरकुतीमुळे आपोआप तयार झाला होता.

नववं भोक बाबांनी केलं. कोणी सांगितलं नव्हतं. माळ्यावरून पीव्हीसीचा पाइप काढला, एका पाटाला भोक पाडलं, पाट टेबलावर ठेवला आणि भोकाखाली पाइप तिरका लावून खाली जमिनीवर आणला. चेंडू वर नेमका भोकात पडला तर पाइपातून खडखडत खाली येतो आणि थेट वाटीत जातो. बाहेर पडला तर पुन्हा पहिल्यापासून. भाच्याने विचारलं, "आजोबा, हे काय आहे?" बाबा म्हणाले, "खदान."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: भरवेलीची खाण गावापासून काही किलोमीटरवर आहे. ती आशियातली सगळ्यात खोल भूमिगत मँगनीज खाण मानली जाते, चारशे मीटरहून खोल. पोलादाला लागणारं मँगनीज तिथून निघतं. खाण मॉइल या सरकारी कंपनीची, आणि तिच्या पूर्वजाची, म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटची, सुरुवात 1896 ची. बाबा तिथे एकतीस वर्षं होते. आम्ही तिघं भावंडं त्यांच्या पगारावर शिकलो. पण खाली काय असतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. शिफ्टवरून आले की आंघोळ, जेवण आणि झोप.

पहिल्या संध्याकाळी दिवे मालवले तेव्हा खोलीत जे दिसलं ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. सगळं घर नाहीसं झालं आणि फक्त रेषा उरल्या. हिरव्या, गुलाबी, पिवळ्या रेषा आणि मध्ये एक नारिंगी ठिपका. आई दारातून म्हणाली, "मला तर धुकं पडल्यासारखं दिसतंय रे." त्याचंही कारण आहे. वय वाढतं तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग या प्रकाशात स्वतःच किंचित चमकतं आणि सगळं पुसट होतं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्यांच्या डोळ्यातलं भिंग कृत्रिम, अतिनील किरण अडवणारं. त्यांना सगळं लख्ख दिसत होतं. घरातल्या मोठ्यांना हा प्रकाश त्रासदायक वाटला तर हट्ट करू नका. आम्ही आईसाठी दारात एक साधा पिवळा झिरो बल्ब ठेवला आणि ती गुण लिहायला बसली.

खेळात बाबा पहिल्या दिवशी शेवटचे आले. दुसऱ्या दिवशी दुसरे. तिसऱ्या दिवसापासून त्यांना कोणी हरवू शकलं नाही. भाची कॅरममध्ये पटाईत, तिला उशीचा मार कळतो. चेंडू पट्टीवर ज्या कोनात आपटतो त्याच कोनात परत येतो, म्हणून ती पट्टीवर एक बिंदू धरून मारायची. पुतणीकडे सराव होता. भाच्याकडे नुसता जोर. पण अंधारात काय होतं, पाहा. आपल्याला लांबचा उतार दिसत नाही, फक्त रंगीत रेषा दिसते, आणि रेषा सपाट आहे असं वाटतं. बाबा आधी मार्गावर काठीचं टोक टकटक करत चालायचे. कुठे आवाज भरीव, कुठे पोकळ, कुठे मॅट उचललेली, हे ऐकायचे. मग एकच फटका. पुतणीने हे पाहिलं आणि तीही टकटक करायला लागली.

खेळायला बसणार असाल तर चार गोष्टी अनुभवातून. एका भोकाला सहा फटके झाले तरी चेंडू गेला नाही तर सात लिहायचे आणि पुढे जायचं, नाहीतर लहान मूल रडतं आणि मोठं चिडतं. चेंडू पट्टीला चिकटला तर एक वीत आत घ्यायला हरकत नाही. काठी गुडघ्याच्या वर उचलायची नाही, अंधारात मागे कोण उभं आहे ते दिसत नाही. उंबरठे, टेबलांचे कोपरे आणि जिन्याची पहिली पायरी यांना आधी निऑन टेप लावा, मग भोकांना.

दिव्यांच्या बाबतीत मात्र गंमत नको. विकत किंवा भाड्याने घ्यायचा तो ब्लॅक लाइट, म्हणजे यूव्ही-ए जातीचा, ज्यावर साधारण 365 ते 400 नॅनोमीटरच्या दरम्यानचा आकडा असतो. पाण्याच्या फिल्टरमधली यूव्ही नळी किंवा जंतू मारायचे दिवे यूव्ही-सी असतात. ते 254 नॅनोमीटरचे, आणि त्यांनी डोळे आणि कातडी थोड्या वेळातच भाजून निघते. भाच्याने स्वयंपाकघरातल्या फिल्टरकडे बोट दाखवून "हा पण यूव्ही आहे ना?" विचारलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. मुलं हुशार असतात, ती असं जोडतात. म्हणून आधीच सांगून ठेवा. योग्य दिव्याकडेसुद्धा टक लावून बघायचं नाही, तो उंच आणि भिंतीकडे तोंड करून लावायचा. उघडझाप करणारे दिवे टाळा, फिट येणाऱ्या मुलांना त्यांचा त्रास होऊ शकतो.

पाचव्या संध्याकाळी खेळ रंगात असताना लाईट गेली. मे महिन्यात वादळ आलं की जातेच. क्षणात सगळ्या रेषा विझल्या. प्रतिदीप्तीचं तसंच असतं, वरचा दिवा गेला की रंग त्याच क्षणी मरतो. उरल्या फक्त छतावरच्या चांदण्या, भाच्याने बाजारातून आणून चिकटवलेल्या, ज्यांना आपण रेडियमच्या म्हणतो. त्यांत रेडियम मुळीच नसतं. शंभर वर्षांपूर्वी घड्याळांच्या काट्यांवर खरं रेडियम लावत आणि ते लावणाऱ्या अमेरिकेतल्या मुलींचे त्यात जीव गेले. आताच्या चांदण्या प्रकाश साठवून हळूहळू सोडतात, त्यामुळे दिवा गेल्यावरही काही वेळ हिरवट उजेड देतात. तेवढाच उजेड होता.

भाचा घाबरला. मी मोबाईल शोधायला उठणार तेवढ्यात बाबांचा आवाज आला. "कोणी चालायचं नाही. जिथे आहात तिथे खाली बसा. एक हात भिंतीला." आवाज इतका वेगळा होता की आम्ही सगळे, दादा धरून, खाली बसलो. "आता श्वास मोजा. दहा. घाई नाही."

मग अंधारातच त्यांनी सांगितलं की खाली कॅप लॅम्प बंद पडला तर हेच करायचं असतं. हलायचं नाही. दुसऱ्याच्या दिव्याची वाट बघायची. खाली जो अंधार असतो त्यात डोळे उघडे आहेत की मिटलेले हे बोट लावून बघावं लागतं. नवीन जागी गेल्यावर आधी लोखंडी सळईने छत ठोकून ऐकायचं. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर बाजूला व्हायचं, कारण तिथला दगड सुटलेला असतो. कान चांगला असलेल्या माणसाबरोबर शिफ्ट मिळावी म्हणून लोक धडपडायचे. त्यांचा कान चांगला होता, हे त्यांनी सांगितलं नाही, पण कळलं.

थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग पुतणी बोलली, अडखळत, पण मराठीत. "आजोबा, तुम्हाला भीती वाटली?"

"वाटायची ना. पहिल्या साली तर रोज वाटायची."

"मग कशाला जात होता?"

बाबा जरा थांबले. "तुझ्या बापाची फी होती."

दादा माझ्या शेजारी बसला होता. तो काही बोलला नाही. मुलांचे प्रश्न मात्र सुरू झाले. पिंजरा किती वेळात खाली जातो, जेवण कुठे करायचं, उंदीर असतात का, लघवीला कुठे जायचं. हा शेवटचा प्रश्न भाच्याचा. बाबांनी सगळ्यांची उत्तरं दिली, काही हिंदीत, काही मराठीत, आणि पुतणीला ती कळत होती. लाईट पाऊण तासाने आली. तेव्हा भाची म्हणाली, "बंद करा ना मामा," आणि मी मेन स्विच पाडला. आणखी अर्धा तास आम्ही तसेच बसलो होतो.

डेकोरेशनवाला आठव्या दिवशी बार न्यायला आला. आईने गुणांची वही जपून ठेवली आहे. तिच्यात बाबांचं नाव "खदान" असं लिहिलंय, ते भाच्याचं काम. दिवाळीला ताईची मुलं येणार आहेत आणि या वेळी अठरा भोकं हवीत अशी मागणी आहे. सहा गच्चीवर करता येतील, पण गच्चीवर चंद्राचा उजेड येतो, त्यामुळे तारखा बघाव्या लागतील. अमावस्या लक्ष्मीपूजनालाच असते, म्हणजे तीही सोय आहे. पुतणी येऊ शकणार नाही. तिने टोरांटोहून आजोबांना फोन करून विचारलं की टकटक करून आवाज पोकळ आला तर चेंडू डावीकडे मारायचा की उजवीकडे. बाबांनी फोनवर वीस मिनिटं समजावलं. आमच्या घरात फोनवर ते कधी दोन मिनिटांच्या वर बोलले नव्हते. नवव्या भोकाचा पाइप माळ्यावर परत ठेवलेला नाही, तो हॉलच्या कोपऱ्यात उभा आहे. आई रोज केर काढताना त्याला अडखळते आणि रोज म्हणते की हा उचला.